पहिली कादंबरी दारव्ह्यात : छपाईनंतरच्या कामाच्या नोंदी

पुस्तक : पहिली कादंबरी, डेमी आकार, 224 पानं, छापील किंमत 300 रुपये. 500 प्रती, ऑफसेट, नागपूर. कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक धरून 49,000, म्हणजे प्रतीमागे 98 रुपये. पुस्तकावर जीएसटी नाही. कागदावर मात्र आहे आणि तो परत मिळत नाही, त्यामुळे प्रेसचं कोटेशन घेताना आकडा करासह आहे की कराशिवाय, हे आधी विचारून घ्यावं. कामाचा पट्टा यवतमाळ जिल्ह्यातला : दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी आणि थोडं यवतमाळ शहर.

6 ऑक्टोबर

गठ्ठे आले. प्रत 260 ग्रॅमची, 50 प्रतींचा गठ्ठा 13 किलोचा. 500 प्रती म्हणजे 130 किलो, एका दुचाकीवर दोन गठ्ठ्यांच्या वर नेऊ नयेत.

उतरवून घेतल्याबरोबर तपासणी. 224 पानं म्हणजे 16 पानी 14 फर्मे (एकत्र छापून दुमडलेले पानांचे जुडगे). प्रत्येक प्रत अख्खी चाळायची गरज नाही. 1, 17, 33, 49 असे फर्म्याचे सांधे पाहिले तरी फर्मा गळाला, दोनदा लागला की उलटा बसला ते कळतं. सहा प्रतींत एकच फर्मा दोनदा आणि पुढचा गायब. बाइंडरला फोटो त्याच दिवशी पाठवले, त्याने बदलून दिल्या. हेच महिन्याभरानं सांगितलं असतं तर ऐकून घेतलं नसतं, शिवाय तोवर त्यातली एखादी प्रत परीक्षकाच्या हाती गेली असती.

पुस्तकाच्या कण्यावर लेखकाचं नाव अगदी तळाशी आलंय. ग्रंथालयात दाखल क्रमांकाची चिठ्ठी नेमकी तिथेच चिकटते आणि नाव झाकलं जातं. कण्याचा खालचा दीड इंच मोकळा ठेवायला मुखपृष्ठकाराला सांगावं. आता पुढच्या आवृत्तीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. तो काढून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या मेहनतीचे, क्रमांकाचे नाहीत. बारकोडभोवती पांढरी जागा सोडलेली असावी. गडद मुखपृष्ठावर थेट छापलेला बारकोड दुकानातल्या स्कॅनरला दिसत नाही.

9 ऑक्टोबर

ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत एकेक प्रत चार ठिकाणी स्वखर्चाने पाठवायची असते : राष्ट्रीय ग्रंथालय कोलकाता, कोनेमारा ग्रंथालय चेन्नई, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. छोटे प्रकाशक हे सर्रास टाळतात. चार प्रतींचा आणि टपालाचा खर्च आहे, करून टाकावा. पोच फाइलला लावावी.

टपालासाठी ज्ञान पोस्ट वापरतोय. 1 मे 2025 पासून सुरू झालेली ही सेवा पुस्तकांसाठीच आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, वर कर. ट्रॅकिंग मिळतं. आपली प्रत 260 ग्रॅमची म्हणून 300 च्या आत बसते. पण पुठ्ठा लावून, वर खाकी कागद आणि तीन पदरी टेप मारली की काटा 310 दाखवतो आणि पुढचा दर लागतो. बबलचं पातळ पाकीट आणि कोपऱ्यांना फक्त जाड कागदाच्या पट्ट्या, एवढ्यात 285 ला थांबतं. हीच कादंबरी आणखी जाड, 80 जीएसएम कागदावर छापली असती तर नुसतं पुस्तकच 290 च्या वर गेलं असतं. कागद निवडताना टपालाचा काटा डोक्यात ठेवावा तो यासाठी. ग्रंथालयांच्या पार्सलात 5 किलोच्या मर्यादेत खोक्यासकट 17 प्रती बसतात. 18 घातल्या तर काउंटरवर खोकं उघडावं लागण्याची शक्यता जास्त.

पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. आत जाहिरातीचं पत्रक घालू नये, या सेवेत जाहिरातीच्या मजकुराला जागा नाही.

14 ऑक्टोबर

परीक्षणासाठी प्रती. वृत्तपत्रं आणि मासिकं परीक्षणाला दोन प्रती मागतात. एक धाडली तर ‘पोच’ या सदरात एक ओळ येते, तीही नशिबाने. नऊ ठिकाणी दोन-दोन. सोबत एकच पान : विषय चार ओळींत, पृष्ठसंख्या, किंमत, आयएसबीएन, पुस्तक कुठे मिळेल, फोन. लेखकाचा दीड पानी परिचय कुणी वाचत नाही.

दिवाळी अंकांत काही होईल ही आशा या महिन्यात धरू नये. अंकांचा मजकूर पावसाळ्यातच गोळा झालेला असतो.

तालुका वार्ताहराला बातमी पाठवताना भलतीच अडचण. पुस्तकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात होता. तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की नुसत्या इंग्रजी अक्षरांचा काला. कन्व्हर्टरमधून काढला तर रफार पुढच्या अक्षरावर सरकले, ‘ॲ’ गळाला आणि ‘ऱ्या’चं भलतंच झालं. संवाद वऱ्हाडीत असल्याने स्पेलचेक निरुपयोगी. शेवटी तीन उतारे हातानं नव्याने टाइप केले. प्रेसला शेवटची फाइल देण्याआधीच अख्ख्या मजकुराची युनिकोड प्रत तपासून आपल्याकडे ठेवावी. पुढे प्रत्येक ठिकाणी तीच लागते.

2 नोव्हेंबर

प्रकाशन समारंभाची तारीख. दिवाळीच्या आधी सोयाबीनची सोंगणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. दिवसा माणूस वावरात, त्यामुळे सकाळी अकराची वेळ फक्त नोकरदारांना जमते. संध्याकाळी सहानंतर खेड्यातून तालुक्याला आलेल्या माणसाला परतीची एसटी नाही. मधला मार्ग म्हणून रविवार, दुपारी चार.

नगरपरिषद निवडणुकीची चाहूल आहे. राजकीय पाहुणा नकोच असं आधीच ठरवलं होतं, ते बरं झालं. पुढारी पाहुणा असला की वेळ त्याच्या हाती जाते आणि श्रोते त्याच्या सोबत येतात नि त्याच्याच सोबत उठून जातात.

16 नोव्हेंबर

समारंभ झाला. खर्च : सभागृह 1,500, बिछायत केंद्राच्या खुर्च्या, टेबल, सतरंजी 2,200, माईक 1,500, चहा-आलुबोंडा 80 जणांचा 3,200, सहा बाय तीनचा फ्लेक्स 216, शाल-श्रीफळ 1,100, छापील पत्रिका 1,200, पाहुण्यांचा प्रवास 2,000. एकूण 12,916.

विक्री 58 प्रती, प्रत्येकी 250 रुपयांनी 14,500. त्या प्रतींचा छपाईखर्च 5,684. म्हणजे समारंभाने 4,100 रुपये खाल्ले. शिवाय पाहुणे, सूत्रसंचालक, सभागृहवाले, नातेवाईक यांच्याकडे 31 प्रती फुकट गेल्या. समारंभ करू नये असं नाही, पण त्याला विक्री समजू नये. जिल्हा पानावर फोटो आणि ग्रंथालयांच्या चार पदाधिकाऱ्यांची ओळख, एवढंच त्याचं उत्पन्न.

काय अडलं : विक्रीचं टेबल मंचाशेजारी मांडलं होतं. विक्री होते ती कार्यक्रम सुरू होण्याआधीच्या वेळात आणि मध्येच उठून जाणाऱ्यांना, त्यामुळे टेबल दाराशी हवं. तिसऱ्या भाषणानंतर ते दाराशी हलवलं, तेव्हा विक्री सुरू झाली. टेबलावर बसणारा माणूस लेखकाच्या घरचा नसावा, घरच्याला पैसे मागायला जमत नाही. वही, पेन आणि पन्नासच्या नोटांची गड्डी आधीच आणून ठेवावी. 250 किंमत म्हटल्यावर अर्धे लोक 300 काढतात. 240 किंवा 270 असली किंमत लावूच नये.

मोबाइलने पैसे देणाऱ्यांसाठी क्यूआर होता, सभागृहात नेटवर्क नव्हतं. दोघांनी ‘घरी जाऊन टाकतो’ म्हटलं. एकाने टाकले.

वीज गेली तेव्हा माईकवाल्याकडे बॅटरी होती, पण ती फक्त ॲम्प्लिफायरला. दिवे नव्हते. नोव्हेंबरात साडेपाचला अंधारतं. माईक ठरवताना दोन्ही विचारावं.

20 नोव्हेंबर

पाच दुकानांत ‘विकलं की पैसे’ या बोलीवर नऊ-नऊ प्रती, 40 टक्के कमिशन. तालुक्याचं पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि पंचांग. कादंबरी मागायला तिथे कुणी जात नाही, हे माहीत असून ठेवल्या, कारण बातमीत ‘दुकानात उपलब्ध’ असं लिहिता यावं.

चलन दोन प्रतींत करावं : तारीख, प्रतींची संख्या, कमिशन, परतीची मुदत, आणि ‘खराब झालेली प्रत दुकानदाराच्या हिशोबात’ ही ओळ. शेवटची ओळ चलनावर नव्हती. त्याचं काय झालं ते 3 फेब्रुवारीच्या नोंदीत.

28 नोव्हेंबर

व्हॉट्सॲप. ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. पाठवणाऱ्याला मात्र गेल्यासारखं दिसतं. समारंभाच्या वहीतून घेतलेल्या नंबरांचं हेच झालं, त्यातल्या बहुतेकांकडे लेखकाचा नंबरच नव्हता. आता नंबर घेताना समोरच मिस्ड कॉल देऊन सेव्ह करून घेतो.

मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं की लोक अंगठा देतात आणि विसरतात. वऱ्हाडी संवादाचा दीड मिनिटाचा आवाज चालला. रेकॉर्डिंग पंखा बंद करून, गाद्या असलेल्या खोलीत, फोन तोंडापासून वीतभर लांब. तीन मिनिटांचा पाठवला तो कुणी पुढे धाडला नाही. दीड मिनिटाचा गावातल्या ग्रुपांवर फिरून परत आपल्याकडेच आला, पण त्यात पुस्तकाचं नाव आणि फोन नंबर नव्हता. दोन्ही आवाजातच बोलून ठेवावं, फाइलखाली लिहिलेली ओळ पुढे पाठवताना गळते.

टपालाच्या मागण्या यातूनच आल्या, मार्चपर्यंत 37. पत्ता घेताना ‘पोस्ट’ वेगळं विचारावं. एका नावाची गावं प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि गाव एक, शाखा डाकघर भलत्याच गावात, असं नेहमीचं. पाकिटावर फोन नंबर ठळक लिहिला तर पोस्टमन फोन करतो, नाही तर प्रत शाखेत पडून राहते.

7 डिसेंबर

आठवडी बाजारात टेबल. बाजार वसुलीची पावती फाडली, तीन प्रती गेल्या. एका हातात भाजीची थैली, दुसऱ्या हाताला लेकरू, पुस्तक चाळायला हात मोकळा नाही. शिवाय शेजारच्या मिरचीवाल्याची धूळ पांढऱ्या मुखपृष्ठावर बसली. पुन्हा नाही.

19 डिसेंबर

शिक्षण परिषद. जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांची केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) पातळीवर महिन्यातून एक बैठक होते. पगारदार, वाचणारी, बाजूच्या गावात जाणारी माणसं एका खोलीत. केंद्रप्रमुखांना आधी भेटून एक प्रत दाखवायची, बैठकीनंतरची दहा मिनिटं मागायची. बैठकीच्या आधीची मागू नयेत, ती शासकीय कामाची वेळ असते आणि नंतर बोल केंद्रप्रमुखांना लागतो.

भाषण नको. एक पान वाचायचं, किंमत सांगायची, बसायचं. एका ठिकाणी लेखनप्रक्रियेवर बोलणं लांबलं, लोकांनी घड्याळं पाहिली, चार प्रती गेल्या. दुसरीकडे दोन पानं वाचली आणि गप्प बसलो, 17 गेल्या. सगळ्या केंद्रांत मिळून 64. पूर्ण प्रकल्पातला हा सगळ्यात स्वस्त मार्ग, खर्च फक्त पेट्रोलचा. ‘पगार झाला का देतो सर’ म्हणून आठ जणांकडे उधारी राहिली. उधारी नाव, शाळा आणि तारखेसह वहीत, त्यांच्यासमोरच लिहावी.

29 डिसेंबर

पुरस्कारांच्या प्रती. राज्य शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे, त्यात कादंबरीही. तिथे पहिल्या आवृत्तीचं कॅलेंडर वर्ष पाहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छापलेल्या पुस्तकाला त्याच वर्षाच्या गटात जावं लागतं आणि प्रवेशिकेला हातात थोडेच दिवस उरतात. तेव्हा पुस्तक दिवाळीच्या सुमारास तरी यावं, नाही तर सरळ जानेवारीची तारीख टाकावी. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला पुरस्कार वर्षाच्या 1 जानेवारीला वय 35 किंवा त्याहून कमी लागतं. आपलं काम तिथे नाही.

खासगी पुरस्कारांची पत्रकं व्हॉट्सॲपवर येतच राहतात. ज्यात ‘प्रवेश शुल्क’ आहे ते सरळ बाद. ज्यात पुरस्कार स्वीकारायला स्वखर्चाने या आणि सोबत दहा प्रती आणा असं आहे, तेही बाद. एकूण दहा प्रती या खात्यात गेल्या, याहून जास्त घालवू नयेत.

22 जानेवारी

14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. महाविद्यालयांना या दिवसांत वक्ता हवाच असतो, 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनालाही. मराठी विभागप्रमुखांना पत्र डिसेंबरातच गेलं पाहिजे. जानेवारीत फोन केला तेव्हा दोन ठिकाणी वक्ता ठरलेला होता.

मानधनाऐवजी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने प्रती घ्याव्यात, असं सुचवलं. सगळीकडे चाललं नाही, कारण मानधन एका खात्यातून आणि पुस्तकं दुसऱ्या खात्यातून जातात, आणि ग्रंथखरेदीला ग्रंथालय समितीची मान्यता लागते. विभागप्रमुखांच्या शिफारशीचं एक पत्र ग्रंथपालांकडे गेलं की मार्ग निघतो. 25 टक्के सवलतीने 41 प्रती. मुलांनी स्वतः विकत घेतल्या नाहीत, 250 रुपये त्यांच्यासाठी मोठे आहेत. तिथे आग्रह करू नये.

3 फेब्रुवारी

दुकानांचा हिशोब. 45 पैकी नऊ विकल्या, 30 परत, सहा खराब. उन्हाच्या बाजूला शोकेसमध्ये ठेवलेल्या प्रतींचा लाल रंग उडून गुलाबी झाला. एक दुकानदार सज्जन, त्याने स्वतःच्या वाट्याच्या खराब प्रतीचे पैसे देऊ केले. बाकीच्यांनी चलन पुढे केलं, त्यात अट नव्हती.

18 फेब्रुवारी

ग्रंथालयं. खरं काम इथून पुढे आहे.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात. गावोगावची बहुतेक क आणि ड. अनुदान हप्त्यांनी येतं, आणि ग्रंथखरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जाते, कारण हिशोब 31 मार्चला बंद करायचा असतो. ऑक्टोबरात गेलो तेव्हा एका सचिवांनी सरळ सांगितलं, ‘अनुदान येऊ द्या भाऊ, मंग पाहू.’ ते टाळणं नव्हतं, खरंच पैसे नव्हते.

ग्रंथपाल पुस्तक पसंत करतो, चेकवर सही मात्र अध्यक्ष आणि सचिवांची. तिघांपैकी एकालाच भेटून आलं की काम अडतं. सचिव शेतकरी असतील तर सकाळी नऊच्या आत घरी, शिक्षक असतील तर शाळा सुटल्यावर.

बरीच ग्रंथालयं वर्षाची सगळी खरेदी एकाच पुरवठादाराकडून करतात. दोन प्रतींसाठी वेगळं बिल, वेगळा चेक त्यांना नको असतो. त्यावर उपाय म्हणजे त्या पुरवठादाराचं नाव विचारून त्यालाच 50 टक्क्यांनी प्रती देणं. प्रतीमागे 150 मिळतात, छपाईखर्च निघतो, पण पैसे कधी येतील ते त्याच्या हातात. तूर्त थेट ग्रंथालयांनाच 25 टक्के सवलतीने 225 ला देतोय, पुरवठादाराचा मार्ग उरलेल्या प्रतींसाठी राखून.

ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असते, तिच्यासाठी प्रकाशकानं प्रत वेळेत पाठवावी लागते. यादीत नाव असलं की समितीपुढे ग्रंथपालाला वेगळं समर्थन करावं लागत नाही.

6 मार्च

बिलात चूक असली की चेक महिनाभर लांबतो. आता बिल असं करतो : बिल क्रमांक, तारीख, ग्रंथालयाचं नाव शिक्क्यावर आहे तसं अक्षरशः, पुस्तक, लेखक, प्रकाशन, वर्ष, आयएसबीएन, प्रती, छापील किंमत, सवलत, निव्वळ रक्कम आकड्यात आणि अक्षरात. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. ‘जुन्या तारखेचं बिल देता का’ असं विचारलं जातं. देऊ नये, आपल्या बिलांचा अनुक्रम मोडतो आणि उद्या तपासणी लागली तर दोघंही अडकतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चेकवरच्या नावात. बिलावर प्रकाशनाचं नाव, बँकेत खातं लेखकाच्या व्यक्तिगत नावाचं. प्रकाशनाच्या नावाचा चेक बँकेने घेतला नाही. दोन चेक परत नेऊन बदलून आणले, त्यासाठी पुन्हा दोघांच्या सह्या. प्रकाशनाच्या नावाने चालू खातं काढायचं तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), पॅन वगैरे कागद लागतात. ते होईपर्यंत बिलावर ठळक ओळ : ‘चेक अमुक या नावाने द्यावा.’

ग्रंथालयात प्रती दिल्यावर काम संपत नाही. देवघेवीच्या टेबलावर जो बसतो त्याने कादंबरी वाचलेली असली तर ती घरोघर जाते. म्हणून त्याला त्याची स्वतःची एक प्रत, ग्रंथालयाच्या प्रतींहून वेगळी. त्या प्रती समारंभात वाटलेल्या 31 मधून काढल्या असत्या तर बरं झालं असतं. आता त्या विक्रीच्या साठ्यातूनच काढणार, 1 एप्रिलपासून, वेगळ्या खात्यात.

31 मार्च

हिशोब. विक्री : समारंभ 58, टपाल 37, दुकानं 9, बाजार 3, शिक्षक 64, महाविद्यालयं 41, ग्रंथालयं 96. एकूण 308. मोफत 63 : कायद्याच्या 4, परीक्षणाच्या 18, पुरस्कारांच्या 10, समारंभाच्या 31. खराब 6. शिल्लक 123.

बिलं 72,945 रुपयांची. हातात आले 58,345. ग्रंथालयांकडून 12,600 आणि शिक्षकांकडून 2,000 यायचे आहेत. खर्च छपाईसह 71,126, त्यात पेट्रोल-एसटी 6,800, टपाल-पाकिटं 2,410. आजच्या घडीला 12,781 रुपयांनी खाली. वसुली पूर्ण झाली तर 1,819 वर.

नऊ ठिकाणी पाठवलेल्या परीक्षण प्रतींपैकी दोन परीक्षणं आली, एक पोच. दोन्ही परीक्षणांची कात्रणं स्कॅन करून ग्रंथालयांच्या बिलासोबत जोडतोय, समितीपुढे ठेवायला सचिवांना कागद लागतो.

शिल्लक प्रतींची सोय : एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत गठ्ठे ठेवू नयेत, बांधणीचा गोंद मऊ पडतो आणि मधली पानं सुटतात. भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर लाकडी फळी, खाली विटा, गठ्ठे आडवे, पाचाच्या वर थर नाही. काळ्या मातीतल्या घराला वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो, त्यामुळे जूनच्या आधी विटांभोवती औषध. मृगाआधी थकबाकीची एक फेरी. पेरणी लागली की सचिव वावरात आणि हिशोब थेट पोळ्यानंतर.